गिमी, लेम्मी आणि म्या

आमच्या घरात इंग्रजी भाषा शिरली ती चटणीच्या वाटेनं.

रविवारची सकाळ होती. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तीवर तेलाची धार, असा आमचा ठरलेला बेत. आठवीतला नातू पाटावर येऊन बसला आणि माझ्यापुढं हात पसरून म्हणाला, "आजोबा, गिमी द चटणी."

कारळाची चटणी मला माहीत आहे, जवसाची माहीत आहे. गिमी हेही असंच एखादं नवीन तेलबी असावं असं समजून मी म्हणालो, "गिमीची नाही रे बाबा, शेंगाची आहे."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग पाणी पिऊन त्यानं माझं शिक्षण हाती घेतलं. "आजोबा, गिव्ह मी असं म्हणायचं नसतं. ते पुस्तकी वाटतं. खरे इंग्रज लोक गिमी म्हणतात."

धाराशिवात राहून यानं खरे इंग्रज लोक कुठं पाहिले, हे मी विचारलं नाही. कारण त्या लोकांसारखं बोलायला शिकवणाऱ्या एका वर्गाची तीन महिन्यांची फी त्याच्या बापानं आगाऊ भरली होती. भरलेल्या फीविषयी शंका काढू नये, असा आमच्या घरचा नियम आहे.

पुरावा म्हणून त्यानं वही आणून दाखवली. पानावर समास सोडून, रेघा मारून, सुंदर अक्षरात एक यादी होती. 'लेट मी'चं 'लेम्मी'. 'देम'चं नुसतं 'एम्'. 'यू'चं 'या'. 'यू ऑल'चं 'यॉल'. 'व्हॉट आर यू'चं 'व्हॉट्चा'. आणि खाली सूचना : रोज दहा वेळा मोठ्यानं म्हणा. आम्ही ज्या वयात एकोणतीसचा पाढा घोकत होतो, त्या वयात हा मुलगा गच्चीवर उभा राहून इंग्रजांची मोडकी सर्वनामं घोकत होता.

त्यातल्या 'या'नं तर घरात घोटाळाच केला. तो वर्गाला निघाला की दारातून ओरडायचा, "सी या!" आतून आमची ही पदराला हात पुसत बाहेर यायची. चार दिवस असं झाल्यावर ती मला म्हणाली, "अहो, हा रोज दारात उभा राहून 'या, या' कुणाला म्हणतो? येत तर कुणीच नाही."

आता खरी गोष्ट सांगतो. मी तीस वर्षं मराठीचा मास्तर होतो. शब्द तोडलेला दिसला की माझा हात आपोआप खिशातल्या तांबड्या पेनाकडं जातो. पेन्शन सुरू झाली तरी हाताला अजून तसं कळवलेलं नाही. त्यामुळं या यादीवर कडक टीका करायची असं ठरवून मी तयारीला लागलो. घरातला जाडजूड इंग्रजी कोश काढला, त्यावरची धूळ झटकली, आणि पहिल्याच शब्दाला तोंडावर पडलो.

माझा मुद्दा असा होता की 'देम' हा खानदानी शब्द, आणि 'एम्' हा त्याचा डोकं उडालेला, रस्त्यावर आलेला अवतार. कोश म्हणाला, उलटं आहे. जुन्या इंग्रजीत 'त्यांना' या अर्थी 'हेम'सारखा शब्द होता. 'देम' हा पाहुणा. आठव्या शतकाच्या अखेरीपासून नॉर्स लोक समुद्रावरून इंग्लंडात उतरले, लुटालूट केली, मग तिथंच राहिले आणि जाताना ठेवून जावीत तशी आपली सर्वनामं ठेवून गेले. चौदाव्या शतकातला चॉसर हा त्यांचा थोर कवी, तोसुद्धा 'हेम'च लिहायचा. पुढं पाहुणा पुस्तकात बसला आणि घरधनी 'ह' गमावून लोकांच्या तोंडात राहिला. आज तोच 'एम्'. म्हणजे ज्याला मी अडाणी म्हणायला निघालो होतो, तो त्या वाड्याचा मूळ मालक निघाला.

मी दुसरा शब्द धरला. तिथंही तेच. इंग्रजांचं ते मोठ्या अक्षरातलं, ताठ उभं 'आय' आहे ना, तेही पूर्वी 'इच्' असं होतं. जर्मनांकडं त्याचा भाऊ अजून शेपटीसह नांदतो आहे. इंग्रजांनी शेपटी छाटली, मग उरलेलं एवढंसं अक्षर हस्तलिखितात हरवू लागलं, म्हणून त्याला उंच केलं. आम्हाला शाळेत शिकवलं होतं की इंग्रज स्वतःला फार मोठा समजतो म्हणून 'आय' मोठा काढतो. खरं कारण, तो सापडत नव्हता!

'यॉल'ची कथा तर मला चटका लावून गेली. इंग्रजांकडं पूर्वी आपल्यासारखं 'तू' होतं, 'दाऊ' नावाचं. पण सगळ्यांनाच मान देण्याच्या नादात सतराव्या शतकापर्यंत बहुतेकांनी ते टाकून दिलं. सगळे 'तुम्ही' झाले. मग एकाला 'तुम्ही' आणि दहांनाही 'तुम्ही', असा गोंधळ झाला. तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या साध्या माणसांनी 'यू ऑल'ची गाठ मारून 'यॉल' हे नवं अनेकवचन तयार केलं. पुस्तकी भाषेला पडलेलं भोक बोलीनं ठिगळ लावून बुजवलं, आणि पुस्तकी भाषा ठिगळाला हसत बसली.

कोश मिटून मी गप्प बसलो. टीका लिहायचं राहून गेलं.

असंच राहिलंही असतं. पण त्याच आठवड्यात नातवाची दुसरी वही माझ्या हातात आली. ती शाळेची, मराठीची. निबंधाचा विषय 'माझी सुट्टी'. सुट्टीत तो तेरजवळच्या आमच्या गावी, माझ्या चुलतबहिणीकडं पंधरा दिवस राहून आला होता. निबंध छान होता. तेरणा नदी होती, बांधावरची बोरं होती, गोरोबाकाकांचं देऊळ होतं. आणि मध्यावर एक वाक्य होतं : 'म्या शेळीला पाला टाकला.' त्यातल्या 'म्या'वर तांबडी रेघ. बाजूला शेरा : अशुद्ध. अर्धा गुण वजा.

दोन्ही वह्या मी टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. एका वहीत सर्वनाम तोडायला शिकावं म्हणून आम्ही फी भरतो. दुसऱ्या वहीत सर्वनाम तोडलं म्हणून गुण कापले जातात. मुलगा एकच. जीभ एकच. साता समुद्रापलीकडच्या गुराख्याचं बोलणं आलं तर प्रगती, आणि तेरच्या गुराख्याचं आलं तर अशुद्ध!

बरं, 'म्या' हे काही तोडलेलं सर्वनामही नाही. हे मला नोकरीत असताना कळायला हवं होतं, कळलं पेन्शनीत. 'म्या' म्हणजे जीभ जड झालेला 'मी' नव्हे. दोघं वेगळे आहेत आणि दोघांची कामं वेगळी आहेत. १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत 'म्यां' आहे, 'त्वां' आहे. तुकोबांच्या गाथेत आहे. जुन्या व्याकरणांत 'मी'च्या तृतीयेच्या घरात 'म्यां' राजरोस छापलेला असे. संस्कृतातल्या 'मया'शी त्याचं नातं लागतं. हिंदीवाले ज्याच्या जोरावर देशभर बोलत सुटतात तो 'मैं'सुद्धा याच तृतीयेच्या कुळातला. कुळातला एक भाऊ दिल्लीला जाऊन मोठा झाला, दुसरा तेरला शेळीला पाला टाकत राहिला. पाला टाकणाऱ्याचा अर्धा गुण गेला.

आता जरा व्याकरण सांगतो. घाबरू नका, परीक्षा नाही. आपण शिकलेली माणसं म्हणतो, 'तो आला', पण 'त्यानं भाकरी खाल्ली'. 'ती आली', पण 'तिनं भाकरी खाल्ली'. कर्ता काही करून बसला की त्याला 'नं' लागतो. मग स्वतःची पाळी आली की आपण काय म्हणतो? 'मी आलो' आणि 'मी भाकरी खाल्ली'. दोन्हीकडं 'मी'च! जगाला नियम लावला आणि स्वतःला सूट घेतली. गावाकडचा माणूस अशी सूट घेत नाही. तो 'मी आलो' म्हणतो आणि 'म्या भाकर खाल्ली' म्हणतो. जिथं 'तो' तिथं 'मी', जिथं 'त्यानं' तिथं 'म्या'. आजीच्या पिढीत 'तू'चंही तसंच होतं : 'तू आलास', पण 'त्वा काय केलंस?' नियम इतका सरळ आहे की शेळीमागं जाणारं पोरसुद्धा तो चुकत नाही. चुकतो कोण, तर आपण. आणि तांबडं पेनही आपल्याच हातात.

इथं मला आमची नाटकं आणि मालिका लिहिणाऱ्या मंडळींना दोन शब्द सांगायचे आहेत. इतके दिवस मास्तर म्हणून मी पोरांच्या चुका काढल्या, एकदा मोठ्यांच्या काढू द्या. खेड्यातला माणूस दाखवायचा तर त्याच्या डोक्याला मुंडासं आणि तोंडाला 'म्या' बांधायचा, अशी यांची पद्धत. आधी सगळे संवाद शहरी मराठीत लिहितात, आणि मग पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरावी तसा वरून 'म्या' भुरभुरतात. पात्र दारात येतं आणि म्हणतं, 'म्या आलो.' उठून म्हणतं, 'म्या जातो.' रडताना म्हणतं, 'म्या गरीब माणूस हाय.' शहरातल्या प्रेक्षकाला वाटतं, वा, काय मातीचा वास! आमच्या गावी माळवदावर बसून दूरदर्शन बघणारी म्हातारी मात्र विचारते, "ह्यो बाबा कुटला म्हनायचा?"

कारण 'म्या आलो' असं आमच्या तेरच्या शिवारात मी जन्मात ऐकलं नाही. 'त्यानं आला' म्हटल्यासारखं ते. म्हणजे खेडूत माणूस शुद्ध बोलतो, त्याला अशुद्ध लिहितात, आणि मग अशुद्ध बोलतो म्हणून त्याच्यावर हसतात. एका 'म्या'त तीन अन्याय! ज्यांच्या कानाला ती बोली लहानपणापासून आहे, त्यांचं असं होत नाही. आमच्या कळंब तालुक्यातले भास्कर चंदनशिव घ्या. 'लाल चिखल'सारखी कथा लिहिणाऱ्या या माणसाची पात्रं बोलू लागली की वाचताना कान अडखळत नाही. त्यांनी बोली वरून भुरभुरलेली नसते, ती पिठातच मळलेली असते.

आमच्या भागाची बोली तशी पूर्वीपासून उपेक्षितच. ग्रिअर्सनसाहेबांनी हिंदुस्थानातल्या भाषांची केवढी मोठी पाहणी केली. तिचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. त्यात कोण कसं बोलतं याचे नमुने आहेत. उधळ्या पोराची एकच गोष्ट बोलीबोलीत सांगून घेतलेली आहे. पण ती पाहणी निजामाच्या राज्यात आलीच नाही. आम्ही तेव्हा निजामाचे. त्यामुळं साहेबाच्या लेखी आम्ही बोलतच नव्हतो. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं, १९६० साली महाराष्ट्र झाला, आम्ही बोलू लागलो. तर शाळेत कळलं की आम्ही बोलतो ते चूक आहे.

वास्तविक सर्वनामाच्या बाबतीत आमच्या माणसाइतका काटकसरी माणूस जगात सापडायचा नाही. इंग्रज बिचारा कितीही घाईत असला तरी 'यू'चं 'या' करतो, 'चा' करतो, पण कुठंतरी चिकटवतो जरूर. आमच्याकडं एसटी स्टँडवर ओळखीचा माणूस भेटला की विचारतो, "कवा आलाव?" यात 'तुमी' नाही. मित्र मित्राला विचारतो, "काय करलालास?" यात 'तू' नाही. 'काय करायला लागला आहेस' एवढं लांबलचक वाक्य, तूर भरडावी तसं भरडून दोन शब्दांत आणलं आहे. सर्वनाम गेलं, पण 'लास'मधून कोण ते कळतं. नातवाच्या वहीतलं 'व्हॉट्चा डूइंग' आणि आमचं 'काय करलालास' ही एका जातीची वाक्यं आहेत. एकाला फी पडते आणि दुसरं फुकट मिळतं, म्हणून त्याची किंमत नाही.

या काटकसरीला घराणंही मोठं आहे. आमच्या तेरचं जुनं नाव तगर. दोन हजार वर्षांपूर्वी तिथला माल पार रोमपर्यंत जायचा. त्या रोमचा सीझर. त्यानं लढाई जिंकल्याची बातमी तीन शब्दांत कळवली म्हणून त्याची जगभर वाहवा झाली. त्या तीन शब्दांत 'मी' एकदाही नाही. लॅटिनचं क्रियापद आमच्यासारखंच, कर्ता पोटात घेऊन फिरणारं. सीझरनं 'मी' गाळला तर शैली. आमचा माणूस शेतातून येऊन नुसतं "आलाव गं" म्हणाला, तर अडाणी!

पण काटकसर म्हणजे तुसडेपणा नव्हे. उलट शब्द जितका आखूड, तितका माणूस जवळचा, असं मला हल्ली वाटू लागलं आहे. मी मघाशी 'आमची ही' म्हणालो, तुम्ही वाचलंत आणि पुढं गेलात. कोण 'ही' असं विचारलं नाहीत. तीही मला चारचौघांत 'आमचे हे' म्हणते. पन्नास वर्षांचा संसार एका अक्षरात मावला आहे. उलट ज्याला आपण लांब ठेवतो, त्याला लांब सर्वनाम देतो. जानेवारी २०२० मध्ये आमच्या गावी त्र्याण्णवावं साहित्य संमेलन भरलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. मी तिन्ही दिवस मंडपात होतो. व्यासपीठाकडं तोंड असलं की सगळे 'आपण, आपल्यासारख्यांनी, आपणांस'. जेवणाच्या रांगेत आलो की 'आवं, तुमी व्हा की म्होरं'. ओळखी झाल्या त्या रांगेत.

आणि सगळ्यात आखूड सर्वनाम आपण कुणाला देतो? तुळजापूरला जाऊन बघा. रांगेत मोटारवाला असो की अनवाणी आलेला, गाभाऱ्यापुढं आला की "आई, तूच गं माझी" म्हणतो. तिथं कुणी "आपण आमच्यावर कृपा करावी" असा अर्ज करत नाही. इंग्रजांनीही देवासाठी प्रार्थनेत ते जुनं 'दाऊ' राखून ठेवलं. पण घरादारातून ते गेल्यामुळं देव बिचारा त्या सर्वनामात एकटाच राहिला. आमच्या देवीच्या 'तू'ला सोबत आहे. त्यात आई आहे, लहान भाऊ आहे, गोठ्यातलं वासरू आहे.

नातवाच्या वहीतल्या त्या शेऱ्यावरून मी रागावलो, हे खरं. पण शेरा मारणाऱ्या बाईंवर रागावायला माझ्याकडं तोंड नव्हतं. तो शेरा मी ओळखला. तसाच शेरा मी तीस वर्षं मारत आलो. 'म्या' दिसला, मार रेघ. 'आमी' दिसला, मार रेघ. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मी पेढे वाटले. भूमच्या खव्याचे. भाषा जुनी आहे म्हणून तिला मान मिळाला, आणि तिचं जुनं नाणं एखाद्या पोराच्या खिशात निघालं तर त्याला खोटं नाणं म्हणून परत करणारा मीच.

गोरोबाकाकांची ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. संतमंडळी तेरला जमली तेव्हा काकांनी मडकी थापटायचं थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारून कोण पक्कं, कोण कच्चं ते पाहिलं. नामदेव तेवढे चिडले, म्हणून त्यांचं मडकं कच्चं निघालं. मीही तीस वर्षं थापटणं घेऊन पोरांच्या डोक्यावर वाजवत होतो. फरक इतकाच, काकांना भाजलेलं मडकं आवाजावरून ओळखता येत होतं.

आणि हे सगळं मी सुरू केलं ते शाळेत नव्हे, घरी. दहा-अकरा वर्षांचा असताना.

माझा थोरला भाऊ तेव्हा सोलापूरला गिरणीत होता. आईला लिहिता येत नसे. महिन्यातून एकदा ती चुलीपुढं बसून पत्र सांगायची आणि मी ते लिहून काढायचो. नुकताच शाळेत शुद्धलेखनात पहिला आलो होतो. आई सांगायची, "लिव, म्या शेंगा धाडल्या हाईत. म्या निवडून धाडल्या. त्वा खा, दुसऱ्याला वाटत बसू नगंस." मी लिहायचो, 'मी शेंगा पाठविल्या आहेत. त्या निवडलेल्या आहेत. तू त्यांचे सेवन करावे.' सेवन हा शब्द मला त्याच आठवड्यात सापडला होता.

लिहून झालं की ती म्हणायची, "आता वाच." मी ऐटीत वाचून दाखवायचो. एकदा सगळं ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली. मग लाकूड आत सारत म्हणाली, "ब्येस लिवलंस लेकरा. पर शेंगा म्या धाडल्या. ह्यात मी कुठं हाय?"

मला वाटलं, तिला समजलं नाही. मी बोट ठेवून दाखवलं, "हा बघ की 'मी'." ती बरं म्हणाली. पत्र गेलं.

पंधरा दिवसांनी भावाचं कार्ड आलं. त्यात लिहिलं होतं, शेंगा पोचल्या, तुझं अक्षर फार सुरेख झालं आहे. आणि शेवटी एक ओळ : पुढच्या महिन्यात आईचं पत्र पाठव.

मी ते कार्ड घेऊन आईकडं गेलो आणि दादाला काही कळत नाही, आपलं पत्र त्याला आईचं वाटलंच नाही, अशी तक्रार केली. आई काहीच बोलली नाही. पुढची पत्रंही मी तशीच शुद्ध लिहिली. दोन वर्षं. आई गेली, भाऊ गेला. त्याच्या ट्रंकेत ती पत्रं निघाली. सगळी नीट ठेवलेली, सगळी माझ्या अक्षरात, एकात चूक नाही. आणि आईचा आवाज एकातही नाही. आज तो ऐकावासा वाटला तर माझ्याजवळ काही नाही. होता तेव्हा मी तो दुरुस्त केला.

'शेंगा म्या धाडल्या. ह्यात मी कुठं हाय?' हे वाक्य मी परवा वहीच्या कोपऱ्यावर लिहून बराच वेळ बघत बसलो. पहिल्यात 'म्या', दुसऱ्यात 'मी'. दोन्ही आपापल्या जागी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं एका श्वासात सगळं व्याकरण सांगितलं होतं, आणि शुद्धलेखनात पहिला आलेला पोरगा तिला बोट ठेवून 'मी' दाखवत होता.

नातू शेजारी उभा होता. म्हणाला, "आजोबा, मग निबंधात काय लिहू?"

मी मास्तर आहे, त्याला खोटा सल्ला देऊन गुण घालवणार नाही. परीक्षेत 'मी' लिही, गुण लागतात. इंग्रजीच्या वर्गात 'गिमी' म्हण, फी भरली आहे. पण आत्याला फोन करशील तेव्हा तिच्याशी तिच्याच बोलीत बोल, आणि तिचं काही लिहून घेशील तर ती सांगेल तसं लिही, एक काना बदलू नकोस, असं म्या त्याला सांगितलं.

प्रुफं तपासणाऱ्यांना विनंती, की वरच्या वाक्यातला तो शब्द दुरुस्त करू नये.